खपलं नाही तरी नव्या अँटिबायोटिकचे पैसे सरकारने द्यावेत का?

गोदाकाठ
गेल्या वर्षी वडील आयसीयूत होते. कल्चरचा, म्हणजे कोणता जिवाणू आहे आणि त्यावर कोणतं औषध चालेल हे बघायच्या तपासणीचा रिपोर्ट आला, तर औषधांची नावं एकाखाली एक आणि जवळपास प्रत्येकासमोर 'आर', म्हणजे रेझिस्टंट, जिवाणू त्या औषधाला दाद देत नाही. शेवटी कोलिस्टिन दिलं. किडनीला बाधतं म्हणून डॉक्टरांनी कित्येक वर्षं बाजूला ठेवलेलं जुनं औषध. वडील वाचले, पण त्या कागदावरचे 'आर' अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

नवी औषधं का येत नाहीत? अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीचं बघा. २०१८ मध्ये तिच्या प्लाझोमायसिन या नव्या अँटिबायोटिकला मंजुरी मिळाली आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. जिवाणू त्यालाही सरावू नयेत म्हणून नवं अँटिबायोटिक राखून वापरायचं असतं, मग खप होणार कुठून? ब्रिटनने २०२२ मध्ये दोन औषधांसाठी ठरावीक वार्षिक रक्कम बांधून दिली, वापर कितीही होवो. आपणही तेच करावं.

काउंटरवरून
वडील सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. पण मला हे पटत नाही. पंचवीस वर्षं मेडिकल चालवतोय. अझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची स्ट्रिप असते, गिऱ्हाईक म्हणतं, "एकच द्या, ताप उतरला की झालं." मी नाही म्हटलं की ते समोरच्या दुकानात जातं आणि तिथे कात्री चालते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये म्हणून पाकिटावर लाल रेघ आहे, विक्रीची नोंद ठेवायला एच-वन रजिस्टर आहे, तपासायला कोण येतं? उद्याचं नवं औषधही असंच कापून, अर्धवट विकलं जाईल आणि निकामी होईल. तो पैसा तालुक्याच्या दवाखान्यात कल्चर करायची सोय करण्यावर घाला.

पेट्रीडिश
दादा, कल्चरच्या सोयीबद्दल शंभर टक्के सहमत, मी लॅबमध्येच काम करते. पण आपल्याकडच्या कित्येक जिवाणूंमध्ये एनडीएम नावाचं एन्झाइम असतं आणि ते कार्बापेनेम ही राखीव, ताकदीची अँटिबायोटिक्ससुद्धा फोडतं. ब्रिटनने घेतलेल्या दोनांपैकी सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम त्यापुढे एकटं चालत नाही, सोबत अ‍ॅझ्ट्रिओनाम हे दुसरं अँटिबायोटिक द्यावं लागतं. परदेशातल्या औषधांची वाट बघत बसलो तर आपल्या जिवाणूंचा विचार आधी कोण करणार? वॉकहार्ट या भारतीय कंपनीचं नाफिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक २०२४ मध्ये आलं. ते न्यूमोनियासाठी आहे, एनडीएमवर नाही, पण इथे नवं औषध घडू शकतं हे त्यातून दिसलं. त्याच्या चाचण्यांना सरकारी मदतही होती.

पिंपरीकर
मदत करा, पण मालकी कोणाची? आमच्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, सरकारी. पेनिसिलिन तर बनवलंच, शिवाय बुरशीवरचं हॅमायसिन तिथल्याच संशोधकांनी शोधलं. जनतेच्या पैशातून संशोधन होणार असेल तर ते अशाच ठिकाणी व्हावं. खासगी कंपनीला दरवर्षी रक्कम बांधून द्यायची आणि इंजेक्शन सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर, हे मला मान्य नाही.

गोदाकाठ
पिंपरीकर, किमतीचं बरोबर आहे. पैसे देतानाच करारात किंमत बांधून घ्यावी, ही अट मी आधीच लिहायला हवी होती. काउंटरवाले दादा, तुमच्या भीतीवर माझं उत्तर असं की हे औषध दुकानात जाऊच नये. फक्त हॉस्पिटलला, तेही कल्चर रिपोर्ट बघून.

काउंटरवरून
असं असेल तर माझा अर्धा विरोध मागे. उरलेला अर्धा तालुक्यात लॅब उभी राहीपर्यंत कायम. रिपोर्टच होत नसेल तर तुमचं औषध तिथल्या पेशंटला मिळणार कशावर?