मदत हवी आहे: लोकर परवडत नाही, पण म्हणून दख्खनी मेंढी सोडावी का?

नमस्कार मंडळी,

आम्ही माण तालुक्यातले. घरचं खांड 80 दख्खनी मेंढ्यांचं. थोरला भाऊ आणि वहिनी मेंढरांमागे असतात, हिशोब माझ्याकडे. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरतं बिऱ्हाड, पश्चिमेकडे जातो आणि पावसाच्या तोंडावर माघारी येतो. या वर्षी नर बदलायचाय, म्हणून हा प्रश्न.

भाऊ कातरणीला कंटाळलाय. दख्खनीची लोकर आपोआप गळत नाही. उन्हाळ्यात एकदा आणि पाऊस सरता सरता एकदा, अशी वर्षातून दोनदा कातरावीच लागते. नाही कातरली तर अंगात कुसळं अडकतात, गोचीड लपते, पावसात मेंढरू जड होतं. आमच्याकडे या वेळी डोईमागे 25 रुपये पडले, कातरणाऱ्यांचं जेवणखाण वेगळं. म्हणजे दोन कातरण्यांचे 4000. लोकर मेंढीमागे वर्षाला अर्धा-पाऊण किलो. सगळी मिळून पन्नास किलोच्या आत-बाहेर, आणि भाव किलोला 10 रुपये. पाचशे रुपये हातात आले तर आले.

पण हिशोब नीट मांडला तर हा तोटा मेंढीमागे वर्षाला पन्नास रुपयांच्याही आतच राहतो. एक चांगलं कोकरू विकलं की सगळा भरून निघतो. खरी अडचण माणसांची आहे. कातरणारी जुनी माणसं थकली, त्यांची मुलं दुसऱ्या कामाला लागली. ते येईपर्यंत वाडा एका जागी अडकतो, पुढच्या रानात लेंडीखतासाठी मेंढ्या बसवायचा शब्द शेतकऱ्याला दिलेला असतो तो मोडतो, आणि बसवणुकीचे पैसे जातात. माझ्या मते मोठा तोटा हा आहे.

भावाचं म्हणणं, माडग्याळचा नर आणू. जतकडची ही मेंढी उंच, वजनाला भारी, अंगावर लोकर नावापुरती, बाजारात उठाव जोरात. दुसरा पर्याय नेल्लोरचा, तीही लोकरीऐवजी आखूड केसांची जात. मोबाईलवर डॉर्पर या परदेशी मेंढीच्या जाहिरातीही रोज येतात, पण त्या वाटेला जायचा आमचा विचार नाही.

मला भीती दोन गोष्टींची. एक, पहिल्या पिढीतल्या संकराची लोकर एकसारखी जात नाही. काहींची गळते, काहींची पाठीवर ठिगळासारखी राहते. वेल्समध्ये शेतकऱ्यांनी विल्टशायर हॉर्न या आपोआप लोकर गळणाऱ्या इंग्लिश जातीचं रक्त घालून लोकर गळणारी मेंढी तयार केली, पण त्याला कित्येक पिढ्यांची निवड लागली. तोवर आपण कातरायचंही आणि मिळालेली लोकर विकायचीही नाही, असं व्हायचं. घोंगडीला काळी लोकर लागते, संकरात रंग फाटतो. तेलंगणाकडे नेल्लोरचे नर घालून घालून अस्सल दख्खनी कळप कमी झाले, हे आपल्यासमोर आहे.

दुसरी भीती चालीची. आमची मेंढी दिवसभर चालते, कुसळावर जगते, मावळाकडचा गारठा सोसते. भारी अंगाच्या जनावराला एवढं चालवलं तर ते वजन टिकेल का? वहिनीचा विरोध याच मुद्द्यावर आहे, आणि दुखण्याखुपण्याचं तिलाच जास्त कळतं.

मला तिसराच मार्ग बरा वाटतोय. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनीत उतरवून सुवर्णा तयार केली. तसला नर घेतला तर अंग दख्खनीचंच राहतं आणि त्याच्या लेकी व्यायला लागल्या की कोकरं वाढतात, मग कातरणीचा खर्च सहज निघेल. मात्र वाटेवर जुळी कोकरं जगवायची म्हणजे आईला दूध हवं, वरचा खुराक हवा. बंदिस्त पालनातले आकडे मला नकोत, ते आम्हाला लागू पडत नाहीत.

ज्यांनी हे केलंय त्यांना विचारतो:

माडग्याळ-दख्खनी संकर घेऊन कुणी वाडा चालवलाय का? दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत कातरणी खरंच थांबली का? पावसाळ्यात मरतुक वाढली का?

सुवर्णाची जुळी भटकंतीत कशी सांभाळता? दोन्ही कोकरं विक्रीपर्यंत पोचतात का?

बॅटरीवर चालणारं कातरणी यंत्र कुणी रानात वापरलंय? दोन-तीन वाड्यांनी मिळून घेतलं तर कसं?

न विकलेली लोकर डाळिंबाच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून घातल्याचं ऐकलंय. कुजायला किती काळ लागतो, वाळवी लागते का?

दहिवडीला मेंढी-शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रावर नराची चौकशी करायला पुढच्या आठवड्यात जाणार आहे. त्याआधी कुणी अनुभव सांगितला तर फार उपयोग होईल. सांगताना मेंढ्या फिरत्या आहेत की गोठ्यातल्या, तेवढं जरूर लिहा.