मदत हवी आहे : विकलेलं कॉमिक परत घ्यावंच लागतं का? (आज रात्रीपर्यंत उत्तर हवंय)

खुशालचेंडू (रविवार, सकाळी ९:१२)
नमस्कार. एक जुनं इंद्रजाल कॉमिक विकलं. घेणारा म्हणतो पानं नाहीत, पैसे परत द्या. मी पाठवलं तेव्हा अंक व्यवस्थित होता. आज रात्री दहापर्यंत पैसे मिळाले नाहीत तर नाव जाहीर करतो म्हणे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं मी स्वच्छ लिहिलं होतं. तरी घ्यावं लागतं का? आणि घ्यायचंच तर आधी पैसे की आधी पार्सल? अनुभव असेल त्यांनीच लिहा.

रद्दीतलं_सोनं (९:३०)
कुठे विकलंत? कुठला अंक? कितीला? पैसे कसे आले? पानं कुठली नाहीत? यातलं काहीच न सांगता 'अनुभवींनी लिहा'. अनुभवी म्हणजे ज्योतिषी नव्हे.

भाग्यश्री_ना (९:४१)
इंद्रजाल!! वेताळाचं, म्हणजे फँटमचं का? आमच्याकडे ट्रंकभर होती. आईने दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घातली. अजून बोलत नाही आम्ही त्या विषयावर.

खुशालचेंडू (९:५५)
फेसबुकच्या एका ग्रुपवर. वेताळच, मराठी, सत्तरच्या दशकातला. १४०० अधिक पोस्ट, जीपेवर आगाऊ. मी नाशिकला, तो बंगळूरचा. आता सांगा.

कलमबहाद्दर (१०:०८)
ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२०. माल सदोष असेल किंवा जाहिरातीत लिहिल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. 'परत घेणार नाही' असं लिहिलंत म्हणून सुटका नाही. पैसे द्या, मोकळे व्हा.

पाऊण_शहाणा (१०:२०)
कलमबहाद्दर, तोच नियम शेवटपर्यंत वाचा. एखादी व्यक्ती स्वतःपुरतं, नेमाने धंदा म्हणून नव्हे, असं काही विकत असेल तर तिला हे नियम लागू नाहीत. घरातली जुनी कॉमिक्स विकणारा म्हणजे दुकानदार नव्हे.

कलमबहाद्दर (१०:२४)
घरातली एक-दोन विकली तर. खुशालचेंडू, आतापर्यंत किती विकलीत?

खुशालचेंडू (१०:३१)
वर्षभरात साठेक असतील. पण धंदा नाही हो, छंद आहे.

पाऊण_शहाणा (१०:३३)
साठ?? मग मी माझा प्रतिसाद मागे घेतो.

अण्णा_डोंबिवलीकर (१०:५०)
माझ्याकडे सगळी इंद्रजाल लॅमिनेट करून ठेवली आहेत. प्रत्येक पान वेगळं. ना कसर लागत, ना पान हरवत. तुम्हीही हेच करा.

रद्दीतलं_सोनं (१०:५२)
अण्णा, वय आणि मान ठेवून सांगतो, हे परत कुठल्या संग्राहकासमोर बोलू नका. चक्कर येईल एखाद्याला.

टपालखाते (११:०५)
पाठवलं कसं होतं? माझी पद्धत सांगतो. आधी प्लॅस्टिकची पिशवी, मग दोन्ही बाजूंनी खोक्याचा नालीदार पुठ्ठा. एका पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पार्सल कुठल्याच बाजूने वाकत नाही. चिकटपट्टी पिशवीला लावायची, अंकाला कधीच नाही. पूर्वी मी रजिस्टर करायचो, पण २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालं. ती लांब पावती हातात घेण्यात एक समाधान होतं.

खुशालचेंडू (११:१२)
पॅकिंगचा प्रश्नच नाही! पार्सल सुखरूप पोहोचलं, फक्त आतली पानं नाहीत असं तो म्हणतोय. मला वाटतं त्याच्याकडे आधीच एक फाटका अंक असणार. माझा चांगला ठेवून घेतला आणि आता त्याचा परत पाठवणार.

मितवा_७७ (११:२०)
शंभर टक्के हेच. माझ्याबरोबर झालंय. तेव्हापासून मी मलपृष्ठाच्या आत कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक खूण करतो. परत आलेला अंक आपलाच की नाही, लगेच कळतं.

रद्दीतलं_सोनं (११:२४)
संग्राह्य अंकावर पेन्सिल! त्यापेक्षा फोटो काढा की. जुन्या कागदाला खुणा जन्मजात असतात. पिनेच्या गंजाचा डाग, मुखपृष्ठाची दुमडलेली घडी, कुणा शाळकरी मालकाने गिरवलेलं नाव. दोन अंकांचे डाग सारखे निघत नाहीत.

खुशालचेंडू, दुसऱ्यांदा विचारतो, कुठली पानं नाहीत? आणि जाहिरातीत नेमकं काय लिहिलं होतं?

खुशालचेंडू (११:४०)
लिहिलं होतं 'संपूर्ण, उत्तम स्थिती'. फोटो मुखपृष्ठाचा आणि मलपृष्ठाचा. तो म्हणतो पान क्रमांक १५ ते १८ नाहीत. त्याने पार्सल उघडतानाचा व्हिडिओही पाठवलाय, पण व्हिडिओचं काय, कसाही करता येतो.

रद्दीतलं_सोनं (११:५८)
आता कळलं. अंक ३२ पानी असेल तर १५ ते १८ म्हणजे बरोब्बर मधला ताव. एकच कागद, चार पानं. घडीच्या पिना गंजल्या की भोकं मोठी होतात आणि सगळ्यांत आधी हाच कागद सुटतो, कारण अंक मधोमध उघडला की तो वरच असतो, त्याला धरायला दुसरं काही नसतं. कुणी फाडलं असतं तर एखादं पान गेलं असतं, पिनेपाशी कागदाची किनार उरली असती. त्याच्या व्हिडिओत किनार दिसते का?

आणि तुम्ही पाठवण्याआधी पानं मोजली होती का? चाळणं वेगळं, मोजणं वेगळं.

खुशालचेंडू (१२:०६)
किनार दिसत नाही. मोजली नव्हती, चाळली होती. पण नसती पानं तर कळलं नसतं का मला?

भाग्यश्री_ना (१२:१५)
वेताळाच्या गोष्टीत चार पानं नसली तरी कळत नाही हो. आधी तो कवटी-गुहेत असतो, मग कुणाच्या तरी जबड्यावर कवटीचा छाप असतो. मधलं आपण समजून घेतो.

पाऊण_शहाणा (१२:२२)
अवांतर : पहिलं इंद्रजाल मार्च १९६४ चं, किंमत साठ पैसे. आणि वेताळाच्या देशाचं 'डेंकाली' हे नाव इंद्रजालवाल्यांनी दिलेलं. मूळ नाव 'बंगाला'. इथल्या वाचकांना ते बंगाल वाटू नये म्हणून बदललं असावं.

मितवा_७७ (१२:२५)
धागा परत घेण्यावर आहे की डेंकालीच्या भूगोलावर?

रद्दीतलं_सोनं (१२:३१)
अंक आला कुठून होता? सुटा घेतला की गठ्ठ्यात?

खुशालचेंडू (१२:४४)
मामाच्या माळ्यावर पत्र्याची पेटी होती, त्यात. चाळीसेक उरलेत.

रद्दीतलं_सोनं (१२:४६)
मग इथे टायपत बसण्यापेक्षा ती पेटी उघडा. त्या अंकाच्या वरखाली जे होते ते आधी बघा.

खुशालचेंडू (१२:५०)
म्हणजे चूक माझीच, असं ठरवूनच बोलताय तुम्ही. त्याला कुणी काही विचारत नाही.

कलमबहाद्दर (१:०२)
तो धाग्यावर नाही ना. कसं विचारणार?

खुशालचेंडू (संध्याकाळी ६:१८)
सापडला.

ताव मॅन्ड्रेक जादूगाराच्या एका अंकाच्या पोटात घुसलेला होता. पानं १५ ते १८. घडीवर दोन गंजाचे ठिपके, त्याच्या व्हिडिओतल्या पिनांशी तंतोतंत. सकाळी जे बोललो त्याबद्दल सगळ्यांची माफी. आता काय करू? त्याला कळवू, की गुपचूप अंक परत मागवून ताव आत घालून पुन्हा विकू?

मितवा_७७ (६:२५)
गुपचूप मागवा. ताव सापडला हे सांगणं बंधनकारक थोडंच आहे?

भाग्यश्री_ना (६:२७)
मितवा, सकाळी तुम्हाला तो खरेदीदार चोर वाटत होता ना?

रद्दीतलं_सोनं (६:४०)
आत्ताच्या आत्ता फोन करा, मेसेज नको. तावाचा दोन्ही बाजूंनी फोटो पाठवा आणि दोन पर्याय द्या. एक, अंक परत, १४०० पूर्ण, जाण्या-येण्याची पोस्ट तुमची. दोन, ताव तुम्ही पाठवता आणि वर काही रक्कम परत, कारण मधला कागद सुटा असलेला अंक 'उत्तम स्थिती' नसतो. निवड त्याची. आधी पैसे की आधी पार्सल हा तुमचा मूळ प्रश्न. चूक आपली असेल तर आधी पैसे.

आणि त्याला सांगा, ताव नुसता आत सरकवून ठेव. नवी पिन मारू नको, डिंक नको, सेलोटेप तर नकोच. टेप पाच-दहा वर्षांत पिवळी पडते आणि कागदाला कायमचा डाग देते.

अण्णा_डोंबिवलीकर (६:४४)
लॅमिनेट केलं असतं तर ही वेळच आली नसती.

खुशालचेंडू (रात्री ९:३५)
बोललो. पंधरा मिनिटं नुसता वेताळावरच बोलत होता. ताव आणि ४०० रुपये परत, यावर ठरलं. पैसे पाठवले, ताव उद्या स्पीड पोस्टने. पार्सलच्या पावतीचा फोटोही मागितलाय त्याने, ते बरोबरच आहे. पेटीतले बाकीचे अंक आता एकेक पान मोजून बघतोय, आत्तापर्यंत अकरा झाले. दोनांत मधला ताव सुटलेला आहे.

टपालखाते, नुसता ताव पाठवायचा तर पुठ्ठे तसेच उभे-आडवे ना?

टपालखाते (९:४१)
हो. ताव घडीवर आहे तसाच ठेवा, उलटी घडी घालू नका. आणि पाकिटावर 'वाकवू नये' लिहा. कुणी वाचत नाही, तरी लिहा.

भाग्यश्री_ना (९:५८)
खुशालचेंडू, त्या पेटीत मराठी बहादूर (इंद्रजालचाच दुसरा नायक) असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. पानं मोजून.