मदत हवी आहे: निषिद्ध प्रेम, स्पर्श आणि सत्ता यांवरच्या कादंबऱ्या सुचवा

मालक-नोकर, गुरू-शिष्या अशा नात्यांतल्या प्रेमकथांवर लेख लिहितेय. रिचर्डसनच्या 'पामेला'त (१७४०) मालक मोलकरणीच्या मागे लागतो, तिला डांबून ठेवतो आणि शेवटी तिचं लग्न त्याच्याशीच होतं. मला ते अक्षरशः वाचवत नाही. शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'मध्ये (१८४७) मात्र मालक रॉचेस्टरला सोडून गेलेली शिक्षिका जेन परत येते ती वारशाचा पैसा मिळाल्यावर, स्वतःच्या मर्जीने. तोवर रॉचेस्टरची दृष्टी गेलेली असते. आता जवळ जायचं की नाही हे ती ठरवते, आणि ओढ तरीही तितकीच तीव्र!

असं सत्तेचं पारडं फिरूनही स्पर्शातली धग टिकते, अशा कथा-कादंबऱ्या कुणाला आठवतात का? मराठीतल्या असतील तर फारच छान. नायिकेचा नकार खरोखर ऐकला जातो, अशी उदाहरणं आधी सांगा, प्लीज.