आपलीच टिमकी आपल्यालाच खरी वाटू लागते तेव्हा (अनुभव धागा)

चार लोकांत थोडं रंगवून सगळेच सांगतात, त्यात फार वावगं नाही. पण सांगणाऱ्याचाच त्यावर विश्वास बसला आणि खरा आकडा दाखवणारा शत्रू वाटू लागला, असं कुणी जवळून पाहिलंय का? लिहा. नावं नकोत.

*

मी प्रेस नोट लिहायचे. साहेबांच्या आग्रहावरून एकीत 'या क्षेत्रातील अग्रगण्य' असं घातलं. खरं तर आम्ही कसेबसे पाय रोवत होतो. एका पेपरने नोट टायपोसकट जशीच्या तशी छापली. पुढच्या मीटिंगमध्ये साहेबांनी तेच कात्रण पडद्यावर लावलं, "बघा, आता बाहेरचे लोकही म्हणायला लागलेत!" टायपो तसाच, वीतभर मोठा. कुणी हसलं नाही. वर्षाचं टार्गेट त्याच कात्रणाच्या जोरावर ठरलं. जुने ग्राहक परत येत नाहीयेत, असं सेल्समधला एक जण बोलला, तर तो 'निगेटिव्ह' ठरला. पुढे त्याला मीटिंगचं बोलावणंच येईना.

*

आमच्याकडे तर सरळसरळ खोटं कुणी बोललंच नाही. रिपोर्टात काम 'लाल', म्हणजे अडलेलं, होतं. टीम लीडने ते 'पिवळं' केलं, कारण होईल आठवड्याभरात असं त्याला वाटलं. मॅनेजरने 'हिरवं' केलं, कारण पिवळ्यावर प्रश्न येतात. वर पोचेपर्यंत सगळी हिरवळ. डिलिव्हरी चुकली तेव्हा डायरेक्टरना बसलेला धक्का अगदी अस्सल होता.

*

हिरवळीवरून आठवलं. १९८६ साली अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सातही जण गेले. चौकशी आयोगातले रिचर्ड फाइनमन यांनी अहवालाच्या परिशिष्टात लिहिलंय की, यान गमावण्याची शक्यता अभियंते साधारण शंभरात एक सांगत आणि व्यवस्थापन लाखात एक! थंडीत रॉकेटच्या जोडावरचं रबरी सील नीट बसणार नाही, असं अभियंत्यांनी आदल्या रात्री सांगितलं होतं. त्यांचं ऐकलं गेलं नाही.

*

चीनमधलं १९५८ सालही यातच धरा. गावोगावच्या अधिकाऱ्यांनी धान्याचे आकडे फुगवले आणि सरकारी वसुली त्याच आकड्यांवर झाली. वसुलीला मात्र खरं धान्य लागतं, ते लोकांच्या तोंडचं गेलं. पुढच्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली.

*

थोडा वेगळा सूर लावतो. मी विक्रीत आहे. मालावर स्वतःचा विश्वास नसेल तर समोरच्याला ते लगेच कळतं, त्यामुळे थोडी हवा लागतेच. आमचे जुने सर दोन वह्या ठेवायचे. एकीत गिऱ्हाइकाला काय सांगितलं ते, दुसरीत गोदामात खरोखर काय आहे ते. दुसरी कुणाला दाखवत नसत, पण शब्द द्यायच्या आधी उघडून बघत. ते निवृत्त झाल्यावर आलेल्या साहेबांनी पहिलीच वही चालू ठेवली. ऑर्डरी भरपूर आल्या. त्या पुरवायची वेळ येण्याआधीच माझी बदली झाली, हे नशीब.