मदत हवी आहे: बाबांच्या डोळ्यातली ‘नस बंद झाली’ म्हणजे नक्की कोणती नस?

नमस्कार. जाणकारांनी कृपया सांगावं.

बाबा 66 वर्षांचे. रक्तदाब जुना आहे, पण गावी गेले की गोळ्या राहतात. सोमवारी पेपर वाचताना उजव्या डोळ्यासमोर खालच्या बाजूला धुरकट दिसायला लागलं. दुखणं नाही, लाली नाही. ‘नंबर वाढला असेल’ म्हणून दोन दिवस अंगावर काढले. बुधवारी डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासला, ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) काढला. पडद्याच्या वरच्या भागात रक्त उतरलंय, मध्यभागी सूज आहे. कागदावर ‘बीआरव्हीओ’ लिहिलंय. “नस बंद झालीय, डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल,” एवढंच ऐकून आम्ही बाहेर आलो.

घरी काका म्हणतात, डोळ्याची नस म्हणजे काचबिंदू. आत्याला वाटतं अर्धांगाची सुरुवात आहे. आई कालपासून जेवली नाही. आपल्याकडे रोहिणी, नीला, मज्जातंतू, सगळ्यांनाच ‘नस’ म्हणतात, तिथेच घोळ होतोय. बंद काय झालंय? आणि रक्त वरच्या भागात असताना दिसत नाही ते खालचं, असं कसं?

प्रतिसाद 1

ताई, मी नेत्रविभागात निवासी डॉक्टर आहे. तुमच्या वर्णनावरून बंद झालीय ती नीला, म्हणजे रक्त परत नेणारी वाहिनी, आणि तीही मुख्य नव्हे, तिची एक फांदी. कागदावरच्या ‘बीआरव्हीओ’चा अर्थ हाच.

मानेतून वर जाणाऱ्या आतल्या कॅरोटिड धमनीला (धमनी म्हणजेच रोहिणी) डोळ्यासाठी एक फांदी फुटते, ती नेत्रधमनी. तिच्यापासून निघालेली एक बारीक धमनी नेत्रगोलाच्या मागे साधारण 1 सेंटिमीटरवर दृष्टिचेतेत, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत, शिरते आणि तिच्या गाभ्यातून पडद्यापर्यंत येते. पडद्याचा आतला थर तिच्यावर जगतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा बाहेरचा थर मात्र पडद्यामागच्या रक्ताने भरलेल्या आवरणावर, कोरॉइडवर, अवलंबून असतो. त्याच्या धमन्या वेगळ्या. डोळ्यात येणारं बहुतेक रक्त या कोरॉइडकडेच जातं.

परतीच्या वाटाही दोन. पडद्याचं रक्त मध्यवर्ती नीलेतून, कोरॉइडचं बहुधा चार-पाच भोवरानीलांतून. पुढे सगळं मेंदूच्या तळाशी असलेल्या कॅव्हर्नस सायनस या रक्ताच्या पोकळीकडे जातं. (चेहऱ्याच्या नीलाही नाकाच्या मुळाशी या वाटेला मिळतात, म्हणून नाकाजवळचा फोड कधी पिळू नये.)

आता बाबांचं. पडद्यावर धमनी जिथे नीलेला ओलांडते तिथे दोघींचं वेष्टन एकच असतं. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने धमनी जाड आणि कडक होते, शेजारची मऊ नीला दबते आणि तिथे गुठळी धरते. येणारं रक्त येतच राहतं, जायला वाट नाही. मग केशवाहिन्यांतून पाणी आणि रक्त पाझरतं, त्याचीच सूज. पडद्यावर चित्र उलटं पडतं, त्यामुळे वरचा भाग बिघडला की खालचं धूसर होतं.

इंजेक्शन गुठळी विरघळवत नाही, गळती आणि सूज कमी करतं. म्हणूनच ते बहुधा पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं, ही मनाची तयारी ठेवा. हे अर्धांग नाही. पण रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या आणि डोळ्यातला दाबही. काचबिंदू असलेल्यांत नीला बंद पडण्याचा धोका जास्त असतो, तेव्हा काकांची शंका अगदीच सोडून देऊ नका.

एक मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. नीलेऐवजी मध्यवर्ती धमनी बंद झाली, तर न दुखता एका क्षणात अंधार होतो. ते पक्षाघाताइतकंच तातडीचं असतं. तेव्हा दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये, त्याच तासाला मोठं इस्पितळ गाठावं.

प्रतिसाद 2

माझ्या सासूबाईंना हेच झालं होतं. डोळा बधिर करतात, सुई कळतही नाही. त्या आधीची रात्रच जास्त कठीण. बाबांसोबत आत जाता येईल का, ते विचारून ठेवा.

धागाकर्ती

डॉक्टर, खूप खूप आभार. तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. वेष्टन एकच असण्याची गोष्ट तिने दोनदा ऐकली आणि मग ताट वाढून घेतलं. रक्तदाब आज 170 वर 100 निघाला, फॅमिली डॉक्टरांनी गोळी बदलून दिलीय. डोळ्यातला दाब शुक्रवारी इंजेक्शनच्या आधी बघणार आहेत. तेव्हा आकडा इथे लिहीन.