७२ च्या दुष्काळात पाझर तलावाखाली गेलेली जमीन: ४४ वी घटनादुरुस्ती आड येते का?

नमस्कार मंडळी,

सांगलीकडच्या दुष्काळी पट्ट्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. ७२ च्या दुष्काळात गावात पाझर तलावाचं काम निघालं, त्यात आजोबांचे ३४ गुंठे गेले. नोटीस नाही, निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) नाही, पैसे नाहीत. आजोबा स्वतःच त्या कामावर खडी फोडायला जायचे, तक्रार कुणाकडे करणार! सातबारा अजून आमच्याच नावावर आहे आणि पाण्याखालच्या जमिनीचा शेतसारा वडील भरतायत. मे महिन्यात तलाव आटला की आमच्या जुन्या विहिरीचं तोंड वर दिसतं.

मोबदल्यासाठी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. तिथल्या साहेबांनी अर्ज उघडलाही नाही. म्हणाले, "मालमत्तेचा हक्क घटनेतून कधीच गेला. आता पन्नास वर्षांनी काय मागताय?"

मी वकील नाही. वाचून जे कळलं ते असं. मूळ घटनेत हा हक्क कलम १९ आणि ३१ मध्ये, म्हणजे मूलभूत हक्कांत होता. १९५१ च्या पहिल्याच दुरुस्तीनं जमीनदारीविरोधी कायदे वाचवायला ३१-अ, ३१-ब आणि नववी अनुसूची (कोर्टात आव्हान देता येऊ नये अशा कायद्यांची यादी) आणली. १९७० मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाचा निकाल सरकारच्या विरोधात गेला, तर पुढच्याच वर्षी २५ व्या दुरुस्तीनं 'नुकसानभरपाई' खोडून 'रक्कम' लिहिलं. एका शब्दाचा फरक, पण मोबदला पुरेसा आहे का हे कोर्टानं बघू नये म्हणून केलेला. शेवटी ४४ व्या दुरुस्तीनं २० जून १९७९ पासून हा हक्क मूलभूत हक्कांतून काढला आणि ३००-अ मध्ये ठेवला: कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही.

आमची जमीन गेली तेव्हा हक्क मूलभूत होता. मग आम्हाला तेव्हाची घटना लागू की आताची? शिवाय १७ व्या दुरुस्तीनं ३१-अ मध्ये घातलेलं परंतुक, म्हणजे अपवादाची अट, अजून शाबूत आहे: कमाल जमीनधारणेच्या कायदेशीर मर्यादेच्या आतली, स्वतः कसलेली जमीन घेतली तर बाजारभावापेक्षा कमी देता येत नाही. ते आम्हाला चालेल का? कुणी असं प्रकरण लढवलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १
साहेबांनी अर्धंच सांगितलं. हक्क मूलभूत राहिला नाही म्हणजे कलम ३२ खाली थेट सुप्रीम कोर्टात जाता येत नाही, एवढंच. कलम २२६ खाली हायकोर्ट उघडं आहे, आणि तुम्हाला तर आता कोल्हापूरचं सर्किट बेंच जवळ पडेल.

विद्या देवी विरुद्ध हिमाचल प्रदेश, २०२० हा निकाल आधी वाचा. १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी जमीन घेतली, भूसंपादन केलंच नाही. बाई निरक्षर, विधवा, ऐंशीच्या घरातल्या. सरकारनं उशीर झाला म्हटलं, तोंडी संमती होती म्हटलं, वर प्रतिकूल ताब्यानं, म्हणजे वर्षानुवर्षं उघड ताबा ठेवल्यानं, जमीन आमचीच झाली असंही म्हटलं. कोर्टानं तिन्ही फेटाळलं. जमीन घेतली तेव्हा हक्क मूलभूत होता हेही निकालात नोंदवलंय, आणि नंतरही ३००-अ मुळे तो घटनात्मक हक्क राहिलाच.

३१-अ च्या मागे लागू नका. ते परंतुक कायद्यानं संपादन झालं असेल तेव्हाचं. तुमच्याकडे संपादनच नाही, ३००-अ पुरेसं आहे.

प्रतिसाद २
घटना राहू द्या, कागद गोळा करा. ७०-७१ पासूनचे जुने सातबारे काढून पीकपाहणी (दरवर्षीच्या पिकांची नोंद) बघा. आधी ज्वारी आणि मग एकदम 'पड' असेल तर ताबा कधी गेला ते तिथंच दिसतं. मोजणी करून घ्या. भूसंपादनाची फाइल आहे का, हे माहिती अधिकारात विचारा. 'आढळून येत नाही' असं लेखी उत्तर आलं तर जपून ठेवा, तोच तुमचा पुरावा.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचे आभार. ३१-अ सोडलं. जुने उतारे आणायला सोमवारी तहसीलला जातोय. १९७१-७२ ला ज्वारी होती हे आजीला पक्कं आठवतं, त्याच कणसांवर ते वर्ष काढलं म्हणते. विहिरीच्या फोटोसाठी मात्र मे पर्यंत थांबावं लागेल, यंदा तलाव काठोकाठ आहे.