ट्रंका उघडायचं स्टेशन: अनुभव धागा

मांडवीकाठ :
काल पाहुण्यांना दूधसागर धबधबा दाखवायला गोव्यातल्या कुळ्याला गेले होते. जीपचा नंबर लागायला दीड तास, म्हणून स्टेशनासमोर चहाला वळले, तर हॉटेलच नाही! पडवी होती तिथं लाइफ जॅकेटांचा ढीग. चिऱ्याचं जोतं तेवढं शिल्लक, तीन पायऱ्यांसकट. मधल्या पायरीला ट्रंका ओढून ओढून पडलेली खाच अजून आहे. बोट घालून पाहिलं.
पप्पा सांगायचे, पोर्तुगीज कस्टमवाले कुळ्याला गाडी थांबवून सगळ्यांच्या ट्रंका उघडायला लावत. घाट चढून कॅसलरॉकला गेलं की हद्दीपलीकडच्या, हिंदुस्थानच्या कस्टमची परत तीच तऱ्हा. आईनं घडी घालून दिलेले कपडे प्लॅटफॉर्मभर. त्या खोळंब्यावरच हॉटेल चाले. वर दोन खोल्या, कुणी अडकलाच तर.
कुणाला काही आठवतंय? कुळे, सावर्डे, मडगाव, कुठलंही चालेल.

डबलबन्स :
अगं बाई, ते बन्स!!! आम्ही मिरजेहून मीटरगेजनं यायचो. घाट उतरेस्तोवर कुणाच्या तरी डोळ्यात कोळशाची कणी गेलेली असायचीच. आई पदराची सुरळी करून कणी काढणार, तोवर बाबा हॉटेलात. एकदा शिट्टी झाली आणि ते चहाची बशी हातात घेऊनच डब्यात चढले. निळ्या काठाची बशी, अजून आहे आमच्याकडे. मालकांपैकी कुणी वाचत असेल तर माफी, बशी मिळणार नाही.

रूळावरचा :
थोडी भर. 1878 साली इंग्रज-पोर्तुगीज करार झाला, त्यातून ही लाइन. 1888 ला मुरगाव ते कॅसलरॉक सुरू. खरा डोळा मुरगाव बंदरावर, माणसं नंतर. आणि कुळ्याहून वर घाट असल्यामुळे

बाय_सांगे :
मास्तर आले 😄 वही काढा रे

रूळावरचा :
😂 एवढंच की घाटासाठी मागे जादा इंजिन लावायचं, त्यातही वेळ जायचा. गप्प बसतो.

वास्कोची_नात :
कुळ्याचं माहीत नाही. आमचे आजोबा मुरगाव बंदरात कामाला होते. 1943 ला युद्धात शत्रूच्या मुलखात अडकलेल्या नागरिकांची तिथं अदलाबदल झाली, एक जपानी जहाज नि एक स्वीडिश. आजोबांना त्यातलं एकच आठवायचं, एका गोऱ्या बाईनं त्यांच्याकडे पाणी मागितलं. हॉटेलशी संबंध नाही, पण लिहावंसं वाटलं. कुकर झाला, येते.

पडवीतली :
धागा आईला वाचून दाखवला. ते घर माझ्या आजोळचं. 🙏
आई म्हणते, 1955 ला भारतानं गोव्याची नाकेबंदी केली नि पलीकडून गाडी येईना. आजो तरी रोज पहाटे चूल पेटवायचे. आजीनं विचारलं, कोणासाठी? तर म्हणे, सवय मोडली तर परत लागत नाही. उरलेले बन्स गुरांना.
मुक्तीनंतर गाडी आली, पण कस्टम गेलं. आता ट्रंक कोण उघडणार? लोक खिडकीतूनच चहा मागू लागले, पडवीतली बाकडी रिकामी. वरच्या खोल्यांत आम्ही पोरं निजायचो. ब्रॉडगेजच्या कामात गाड्या बंद झाल्या तेव्हा मामांनी कौलं उतरवली. बाकी हॉटेल मोडलं ते त्याच्या खूप आधी.
बशीचं म्हणाल तर आई हसतेय. म्हणते, बारापैकी सात राहिल्या होत्या, पाचांचा हिशेब लागत नव्हता.

डबलबन्स :
अरे देवा. परत करू का?

पडवीतली :
नको हो. कपाचा कान तुटलाय का तेवढं बघा, आई विचारते.

डबलबन्स :
कप आलाच नव्हता. बशीच.

बाय_सांगे :
मग एक कप बिनबशीचा कुळ्यात राहिला म्हणायचा

पडवीतली :
आहे. त्यात आई मीठ ठेवते.

नवखा_पर्वरी :
जीपचा नंबर सकाळी किती वाजता लावावा लागतो? आणि मान्सूनमध्ये चालू असतात का?